‘इम्पोर्ट सापडला नाही’: लॅपटॉपवर पास, सर्व्हरवर नापास होणाऱ्या डॉट प्रोटो फाइलींचं काय करायचं

लॅपटॉपवर फाइल कंपाइल होते. पुश केली की बिल्ड सर्व्हरवर लाल. कधी कधी तर त्या फाइलीला कुणी हातही लावलेला नसतो. काल चालत होती, आज चालत नाही. प्रोटोकॉल बफर्स (प्रोग्रॅम एकमेकांना जी माहिती पाठवतात तिची रचना डॉट प्रोटो फाइलीत लिहून ठेवण्याची गूगलची पद्धत) वापरणाऱ्या टीममध्ये हा प्रश्न अधूनमधून येतच राहतो. आमच्या साकीनाक्याच्या ऑफिसात बसथांब्यांवरच्या डिजिटल फलकांचं काम चालतं, डॉट प्रोटो फाइली अनेक टीमच्या मिळून आहेत, त्यामुळे आमच्याकडे तो जरा जास्तच येतो. नवीन मुलं विचारतात, ‘दादा, माझ्याकडे तर चालतंय, सर्व्हरलाच काही झालंय का?’ सर्व्हरला काही झालेलं नसतं. दोन्हीकडे बहुतेकदा तोच प्रोटोसी (डॉट प्रोटो फाइली तपासून त्यांतून कोड तयार करणारा कंपायलर) असतो, पण त्याला दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितलेल्या असतात.

प्रोटोसी फाइल कुठल्या क्रमाने तपासतो हे एकदा समजलं की एरर कुठल्या टप्प्यावरची आहे ते कळतं, आणि टप्पा कळला की अर्ध्याहून जास्त शोधाशोध वाचते. म्हणून उपायांची यादी देण्याआधी तो क्रम सांगतो.

एक सूचना आधीच. इथे फाइलींची आणि मेसेजची (माहितीच्या एकेका साच्याची) नावं वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीतल्या मेसेजची आणि फील्डची (साच्यातल्या एकेका घटकाची) नावं रोमन लिपीतच लागतात. का, ते पुढे येईलच.

नेहमीचं दृश्य असं असतं:

सामाईक/पैसे.प्रोटो: फाइल नॉट फाउंड.
तिकीट.प्रोटो:४:१: इम्पोर्ट "सामाईक/पैसे.प्रोटो" वॉज नॉट फाउंड ऑर हॅड एरर्स.
तिकीट.प्रोटो:११:३: "सामाईक.रक्कम" इज नॉट डिफाइन्ड.

शेवटची ओळ कर्सरच्या अगदी वर असते, म्हणून बहुतेक जण तीच वाचतात. मग ‘रक्कम’ हा मेसेज शोधायला जातात, तो फाइलीत नीट लिहिलेला सापडतो, आणि डोकं चालेनासं होतं. खरी तक्रार पहिल्या ओळीत आहे. फाइल सापडली नाही, म्हणून चौथ्या ओळीवरचा इम्पोर्ट पडला. इम्पोर्ट पडला, म्हणून अकराव्या ओळीवरचं नाव अनोळखी ठरलं. अशा ‘इज नॉट डिफाइन्ड’च्या चाळीस ओळी आल्या तरी घाबरू नका. टर्मिनल वर सरकवा आणि पहिली ओळ गाठा.

दुसऱ्या ओळीतल्या ‘ऑर’कडे मात्र लक्ष द्या. ‘सापडली नाही, किंवा तिच्यात चुका होत्या’ असं ती म्हणते. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या ओळीत ‘फाइल नॉट फाउंड’ असेल तर मार्ग चुकलाय. वरच्या ओळीत पैसे.प्रोटोचंच नाव, ओळ आणि रकाना असा आकडा असेल, तर फाइल सापडली आहे आणि चूक तिच्या पोटात आहे, तिकीट.प्रोटोला हात लावायचं कारण नाही.

प्रोटोसी काय क्रमाने बघतो

सगळ्यात आधी अक्षरं. टोकनायझर फाइल एकेक बाइट वाचत शब्द, आकडे, अवतरणं आणि चिन्हं वेगळी करतो. मग पार्सर व्याकरण बघतो: अर्धविराम आहे का, फील्डला नंबर आहे का, कंस जुळतात का. यातून फाइलीचा डिस्क्रिप्टर तयार होतो, म्हणजे फाइलीत काय काय लिहिलंय त्याची रचलेली नोंद. इथपर्यंत ‘सामाईक.रक्कम’ हे कंपायलरच्या लेखी नुसतं एक नाव असतं. असं काही कुठे आहे का, हे त्याने अजून पाहिलेलं नसतं.

ते तिसऱ्या टप्प्यावर होतं. इम्पोर्ट केलेली प्रत्येक फाइल आधी उघडली जाते, तीही याच पायऱ्या चढून येते, आणि मग नावं एकमेकांना जोडली जातात. दोन फाइली एकमेकींना इम्पोर्ट करत असतील तर ते इथेच पकडलं जातं, आणि कोण कुणाला बोलावतंय ती साखळी एररमध्ये पूर्ण छापून येते. नावं जुळली की भाषेचे नियम: नंबर दोनदा वापरलाय का, एनमची (नावं दिलेल्या ठरावीक किमतींच्या यादीची) पहिली किंमत शून्य आहे का, राखीव नंबर घेतलाय का. एवढं सगळं पार पडल्यावरच जावा, गो किंवा पायथनचा कोड तयार करणारा प्लगइन बोलावला जातो.

एखादी फाइल वरच्या टप्प्यावर अडली तर खालची तपासणी तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून एक अर्धविराम टाकला की नवीन दहा एरर उगवतात. आपण काहीतरी बिघडवलं असं वाटून लोक तो बदल मागे घेतात. घेऊ नका. फाइल पुढच्या टप्प्यावर गेली आहे.

फक्त तपासणीच करायची असेल आणि कोड नको असेल, तर प्रोटोसीला डिस्क्रिप्टर संच लिहायला सांगा (छोट्या ओ-चा पर्याय) आणि तो डेव्ह-नल मध्ये (जिथे लिहिलेलं काहीच साठत नाही) सोडून द्या. प्लगइनचा गोंधळ बाजूला राहतो आणि फाइल बरोबर आहे की नाही एवढंच कळतं. शोध सुरू करताना मी सगळ्यात आधी हेच करतो. याने फाइल पास झाली आणि तरी बिल्ड पडत असेल, तर दोष तपासणीतला नाही, प्लगइनच्या टप्प्यावरचा आहे: प्लगइन पाथवर (सिस्टिम प्रोग्रॅम शोधते त्या फोल्डरांत) नाही, किंवा गो असेल तर फाइलीत गो-पॅकेजचा पर्याय लिहायचा राहिलाय. त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

मार्ग: निम्म्या तक्रारींचं मूळ

इम्पोर्टच्या अवतरणात जो मार्ग लिहितो, तो इम्पोर्ट करणाऱ्या फाइलीपासून मोजला जात नाही. सी भाषेतून आलेल्यांना ही सवय मोडायला वेळ लागतो. दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी असल्या तरी नुसतं "पैसे.प्रोटो" लिहून भागत नाही; मूळ फोल्डरपासूनचा पूर्ण मार्ग, "सामाईक/पैसे.प्रोटो", हाच लिहावा लागतो. मूळ फोल्डर कुठला, हे फाइलीत कुठेच लिहिलेलं नसतं. ते कमांडमध्ये कॅपिटल आय-च्या पर्यायाने सांगायचं असतं. त्याचंच लांब नाव प्रोटो-पाथ. पाकिटावर ‘तिसरा मजला, खोली नंबर बारा’ एवढाच पत्ता असावा आणि इमारत कुठली ते पोस्टमनला तोंडी सांगावं, तसा हा प्रकार आहे. तोंडी सांगितलेली इमारत बदलली की पाकीट तेच असून भलत्या दारात जातं.

आता लॅपटॉप आणि सर्व्हर वेगळे का वागतात ते बघा. कॅपिटल आय दिलाच नाही, तर प्रोटोसी चालू फोल्डरला मूळ मानतो. पण तुम्ही एक जरी कॅपिटल आय दिला, तरी चालू फोल्डर आपोआप धरला जात नाही. लॅपटॉपवर तुम्ही रेपोच्या मुळाशी उभे राहून साधी कमांड मारता, सगळं सापडतं. सर्व्हरच्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी बाहेरच्या लायब्ररीसाठी एक कॅपिटल आय घातलेला असतो. त्या क्षणी तुमचं स्वतःचं फोल्डर यादीतून बाहेर पडतं आणि ‘फाइल नॉट फाउंड’ सुरू होतं. उपाय साधा आहे: चालू फोल्डर लागत असेल तर त्याचा टिंब कॅपिटल आय-ला स्पष्टपणे द्या. आणि त्याहून महत्त्वाचं, माणसांनी आणि सर्व्हरने एकच स्क्रिप्ट चालवायची. दोन कमांड ठेवल्या की त्या कधीतरी फाटणारच.

हा प्रश्न सोडवायला म्हणून लोक आणखी कॅपिटल आय घालत जातात, आणि त्यातून दुसरी, जास्त चिवट एरर जन्माला येते. समजा, मूळ म्हणून रेपोही दिला आणि रेपोच्या आतलं ‘सामाईक’ फोल्डरही दिलं. आता पैसे.प्रोटो दोन नावांनी सापडते: एकदा "सामाईक/पैसे.प्रोटो" आणि एकदा "पैसे.प्रोटो". एका फाइलीने पहिल्या नावाने इम्पोर्ट केलं, दुसरीने दुसऱ्या, तर प्रोटोसीच्या दृष्टीने त्या दोन निरनिराळ्या फाइली आहेत आणि दोन्हींत ‘सामाईक.रक्कम’ आहे. तो म्हणतो, हे नाव त्या फाइलीत आधीच डिफाइन केलेलं आहे. माणूस पूर्ण रेपोत ‘मेसेज रक्कम’ शोधतो आणि एकच सापडतो. एकच आहे म्हणूनच एरर कळत नाही. एररमध्ये अवतरणात दिलेलं फाइलीचं नाव बघा; ते तुमच्या इम्पोर्टमधल्या नावापेक्षा लांब किंवा तोकडं दिसलं की समजा, एकात एक बसलेली दोन मुळं दिली आहेत. आतलं काढून टाका आणि सगळे इम्पोर्ट बाहेरच्या मुळापासून लिहा.

हा दोष कंपाइल करताना सुटला तर चालू प्रोग्रॅममध्ये उगवतो. दोन टीमनी एकच फाइल वेगवेगळ्या मुळांवरून कंपाइल केली आणि दोन्हींचा कोड एका गो प्रोग्रॅममध्ये आला, तर नाव दोनदा नोंदवलं जातंय म्हणून प्रोग्रॅम सुरू होतानाच पॅनिक होऊन बंद पडतो. म्हणून मूळ कुठलं हे रेपोपुरतं नाही, सगळ्या टीममध्ये एकदाच ठरवून घ्यावं.

मार्गाच्याच आणखी काही खोड्या आहेत. इम्पोर्टमध्ये दोन टिंबांनी मागे जाता येत नाही, आणि विंडोजचा उलटा स्लॅशही चालत नाही. प्रोटोसी तसं स्पष्ट सांगतो. कॅपिटल आय-ला पूर्ण मार्ग दिला आणि फाइलीला सापेक्ष मार्ग दिला, तर दोन्ही एकाच जागी जात असले तरी त्याला ते जुळवता येत नाही. ‘फाइल कुठल्याच प्रोटो-पाथच्या आत नाही’ अशी एरर येते. दोन्ही एकाच पद्धतीने द्या. ‘इनपुट इज शॅडोड’ असं आलं, तर त्याच मार्गाची दुसरी प्रत यादीत आधीच्या मुळाखाली पडलेली आहे. बहुतेकदा ती कुणीतरी बाहेरून आणून ठेवलेली जुनी कॉपी असते, आणि ती काढून टाकणं हेच बरं. सामाईक फाइली गिटच्या सबमॉड्यूलमध्ये असतील तर सर्व्हरने तो उतरवून घेतलाय का तेही बघा; नसेल तर फोल्डर असतं, पण रिकामं.

अक्षरांचा आकार हेही एक कारण. मॅक आणि विंडोजवर साधारणपणे कॅपिटल-स्मॉलचा भेद फाइल शोधताना धरला जात नाही, लिनक्सवर धरला जातो. फाइलीचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि इम्पोर्टमध्ये स्मॉल, तर लॅपटॉपवर चालेल, सर्व्हरवर नाही. असं नाव बदलताना फाइंडरमध्ये बदलू नका, गिटची मूव्ह कमांड वापरा. नुसता अक्षराचा आकार बदललेला मॅकवर गिटच्या नजरेतून सुटू शकतो.

आणि डॉकर वापरणाऱ्यांसाठी एक. टाइमस्टॅम्पसारख्या गूगलच्या तयार फाइली सापडत नाहीत, बाकी सगळं सापडतं, अशी तक्रार असेल तर तुमच्या मार्गांत काही चुकलेलं नाही. प्रोटोसीची झिप उघडली की त्यात बिन आणि इन्क्लूड अशी दोन फोल्डर असतात. तयार फाइली इन्क्लूडमध्ये असतात, आणि प्रोटोसी त्या स्वतःच्या जागेवरून शोधतो: आधी स्वतःच्याच फोल्डरमध्ये, मग एक पायरी वर जाऊन शेजारच्या इन्क्लूडमध्ये. इमेज लहान ठेवायची म्हणून बिनमधली एकच फाइल कॉपी केली की हा शेजार तुटतो. इन्क्लूडही त्याच रचनेत कॉपी करा.

२२४, २२६ आणि १९४

मराठीत टिपणं लिहिणाऱ्यांना ही एरर हमखास भेटते: ‘इंटरप्रेटिंग नॉन आस्की कोडपॉइंट’ आणि पुढे एक आकडा. कॉमेंटमध्ये मराठी बिनधास्त लिहा. अवतरणातल्या मजकुरातही चालतं. त्याबाहेर, म्हणजे नावांत आणि चिन्हांच्या जागी, फक्त आस्की, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं. तो आकडा बाइटचा असतो आणि चोर कोण ते सांगतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये २२४ या बाइटने सुरू होतं. २२४ दिसला की कुठेतरी मराठी अक्षर कॉमेंटच्या बाहेर सांडलंय, बहुतेक वेळा कॉमेंटची दुसरी ओळ, जिच्यापुढे दोन स्लॅश द्यायचे राहिले. २२६ दिसला तर वर्डमधून किंवा व्हॉट्सअॅपवरून चिकटवलेली वळणदार अवतरणं, लांब डॅश, नाहीतर मराठी कीबोर्डने सोडलेला अदृश्य जोडक असतो. हा शेवटचा डोळ्यांना दिसतच नाही. ती ओळ पुसून हाताने पुन्हा टाइप करणं सगळ्यात लवकर होतं. १९४ म्हणजे बहुधा न तुटणारी स्पेस, वेबपेजवरून कोड कॉपी केल्याची खूण. रकाना मोजताना ध्यानात ठेवा, प्रोटोसी टॅबला आठ रकान्यांच्या टप्प्याने मोजतो. एडिटरमध्ये टॅब चारचा असेल तर बोट भलत्याच अक्षरावर पडतं.

नाव आहे, पण दिसत नाही

फाइल सापडली, अक्षरं ठीक, तरीही ‘इज नॉट डिफाइन्ड’. इथे एरर नीट वाचली तर उत्तर तिच्यातच असतं. ‘हे त्या फाइलीत डिफाइन केलेलं दिसतंय, पण ती इथे इम्पोर्ट केलेली नाही’ असं ती म्हणत असेल, तर तुम्ही मधल्या फाइलीच्या भरवशावर होता. इम्पोर्ट वारशाने मिळत नाही. तिकीटने मार्गला बोलावलं आणि मार्गने पैसेला, म्हणून तिकीटला पैसे दिसत नाही. मार्गने ‘इम्पोर्ट पब्लिक’ लिहिलं असेल तरच दिसतं. काल चालणारी फाइल कुणी हात न लावता आज पडली, तर बऱ्याचदा हेच कारण: कुणीतरी दुसऱ्याच फाइलीतून एक पब्लिक इम्पोर्ट काढला. जे नाव वापरता, त्याची फाइल स्वतः इम्पोर्ट करा.

दुसरी गुंतागुंत पॅकेजच्या नावांची (‘सामाईक.रक्कम’मधलं ‘सामाईक’ हे पॅकेज). नाव शोधताना प्रोटोसी आतल्या पॅकेजपासून बाहेर येतो आणि नावाचा पहिला तुकडा जिथे पहिल्यांदा जुळेल तिथेच थांबतो. तुमच्या पॅकेजचं नाव ‘मुंबई.गूगल’ असेल (गूगलच्या नकाशांशी बोलणारा भाग म्हणून कुणी असं नाव देतं) आणि तुम्ही आत ‘गूगल.प्रोटोबफ.टाइमस्टॅम्प’ लिहिलंत, तर त्याला आधी ‘मुंबई.गूगल’ भेटतं. तो तिथेच ‘प्रोटोबफ’ शोधतो, मिळत नाही, आणि परत बाहेर येऊन बघत नाही. नावाच्या आधी एक टिंब द्या, म्हणजे शोध सगळ्यात बाहेरून सुरू होतो. पॅकेजला असं नाव न देणं त्याहून चांगलं.

नियमांच्या एरर

इथे पोचलात तर फाइल वाचता आली आहे, नावं जुळली आहेत, आणि प्रश्न भाषेच्या नियमांचा आहे. बरेचसे संदेश वाचताक्षणी कळतात: फील्ड नंबर १ ते ५३,६८,७०,९११ यांतलाच हवा, मधले १९००० ते १९९९९ प्रोटोबफने स्वतःसाठी ठेवलेत, एक नंबर एका मेसेजमध्ये दोनदा नको. दोन नियम मात्र लोकांना खरोखर अडवतात.

पहिला एनमचा. ‘बसस्थिती’ आणि ‘फलकस्थिती’ असे दोन एनम एकाच पॅकेजमध्ये आहेत आणि दोन्हींत ‘बंद’ ही किंमत आहे. प्रोटोसी अडवतो, कारण एनमच्या किमती एनमच्या आत राहत नाहीत, त्याच्या शेजारी राहतात. सी प्लस प्लसचा जुना नियम. त्यामुळे ‘बंद’ पूर्ण पॅकेजमध्ये एकदाच येऊ शकतो. किमतीला एनमचं नाव आधी जोडा, ‘बसस्थिती_बंद’, किंवा एनम मेसेजच्या आत न्या.

दुसरा आमच्यासारख्या वाहतुकीच्या कामात सतत येतो. बस कुठे आहे, किती उशिरा आहे, हे जगभर ज्या प्रमाणित पद्धतीने पाठवलं जातं ती जीटीएफएस रिअलटाइम, आणि तिची डॉट प्रोटो फाइल प्रोटो-२ मध्ये, म्हणजे या भाषेच्या जुन्या रूपात, लिहिलेली आहे. तुमची नवीन फाइल प्रोटो-३ मध्ये. त्यातला वाहन-स्थितीचा पूर्ण मेसेज तुम्ही फील्ड म्हणून घेऊ शकता, काही अडचण नाही. पण त्यातला नुसता गर्दीचा एनम घेतलात, ज्यात रिकामी बस ० आहे आणि ‘क्रश्ड स्टँडिंग रूम ओन्ली’, म्हणजे चेंगराचेंगरीत उभं राहण्याइतकीच जागा, ४ आहे, तर प्रोटोसी सांगतो की हा एनम खुला नाही, प्रोटो-३ मध्ये वापरता येणार नाही. पहिली किंमत शून्य असूनही. कारण असं की प्रोटो-२ चा एनम बंद असतो: यादीत नसलेला आकडा आला तर तो अनोळखी म्हणून बाजूला पडतो. प्रोटो-३ चा खुला असतो, तो आकडा आहे तसा फील्डमध्येच राहतो. दोन्ही वागणुकी एका फील्डला देता येत नाहीत. पूर्ण मेसेज घ्या, नाहीतर स्वतःचा एनम लिहून कोडमध्ये रूपांतर करा. आम्ही दुसरा मार्ग घेतला. फलकावर दाखवायच्या पायऱ्या तशाही कमी आहेत. एडिशन २०२३ मध्ये (भाषेच्या प्रोटो-३ नंतरच्या रूपात) लिहीत असाल तर एनम बंद की खुला हे फाइलीतच ठरवता येतं.

याच फाइलीत स्वतःची भर घालायची असेल तर नंबर मनाने निवडू नका. खासगी वापरासाठी ९००० ते ९९९९ मोकळे ठेवलेले आहेत. २५०० घेतलात तर ‘हा मेसेज २५०० हा एक्स्टेन्शन नंबर जाहीर करत नाही’ असं उत्तर येईल. आणि अशी भर तुमच्या प्रोटो-३ फाइलीत लिहिता येत नाही. तिथे एक्स्टेन्शन फक्त पर्यायांसाठी चालतं. त्यासाठी वेगळी प्रोटो-२ फाइल ठेवा.

फाइल अगदी बरोबर आहे आणि तरीही ‘ऑप्शनल’ या शब्दावर एरर येते, तेव्हा प्रोटोसी जुना आहे. प्रोटो-३ मधला ‘ऑप्शनल’ ३.१२ मध्ये प्रायोगिक म्हणून आला आणि ३.१५ पासून कमांडमध्ये कसलाही वेगळा पर्याय न देता चालतो. उबंटू २०.०४ मध्ये अॅप्ट या पॅकेज मॅनेजरने मिळतो तो ३.६.१, आणि २२.०४ मध्ये ३.१२.४. म्हणजे सर्व्हरवर पॅकेज मॅनेजरने बसवलेला प्रोटोसी या दोन्हींत अडणार. नेमकी आवृत्ती ठरवून तिची झिप उतरवा, आणि ती आवृत्ती स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा. ३.२० नंतरच्या आवृत्त्या नुसत्या २१, २२ अशा मोजल्या जातात; २१ बघून ती फार पुढची वाटली तरी ती ३.२० च्या पाठोपाठचीच आहे.

पास झालेली, पण चुकीची फाइल

हे सगळं करून फाइल हिरवी झाली, तरी एक प्रकारची चूक प्रोटोसी कधीच पकडत नाही, कारण त्याच्यासमोर फक्त आजची फाइल असते. काल ती कशी होती, हे त्याला माहीत नसतं.

उदाहरण घ्या. जीटीएफएस रिअलटाइममध्ये उशीर सेकंदांत, इंट-३२ या प्रकारात येतो. धन म्हणजे उशीर, ऋण म्हणजे वेळेआधी. कुणाला वाटलं, ऋण आकडे येतात तर एसइंट-३२ बरा, आणि आपल्या फाइलीत प्रकार बदलला. नाव तेच, नंबर तोच, प्रोटोसीची तक्रार शून्य. पण एसइंट आकडा झिगझॅग पद्धतीने, म्हणजे धन आणि ऋण आकडे आलटून पालटून मोजत, बांधतो. आगाराच्या जुन्या प्रोग्रॅमने पाठवलेले ३०० सेकंद नव्या फलकावर १५० म्हणून वाचले जातात. ३०१ सेकंद पाठवले तर −१५१. पाच मिनिटं उशिरा येणारी बस फलकावर अडीच मिनिटं आधी येऊन गेलेली दिसते, आणि वडाळ्याच्या थांब्यावरचा माणूस रिक्षा शोधायला निघून जातो. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये काही नाही.

फील्ड काढून टाकून तोच नंबर दुसऱ्याला दिला की असंच होतं. जुन्या प्रोग्रॅमचा तिकिटाचा आकडा नव्याला थांब्याचा क्रमांक वाटतो.

यावर आम्ही दोन गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. एक, मर्ज करण्याआधी आजच्या फाइलींची मुख्य शाखेतल्या फाइलींशी तुलना. बफ नावाच्या साधनात यासाठी ‘ब्रेकिंग’ अशी कमांड आहे, ती प्रकार, नंबर आणि नावं बदलल्याचं पकडते. प्रोटोसीच्या तपासणीनंतर लगेच ती चालते, आणि ती लाल असेल तर मर्जचं बटण बंद. वरचा एसइंटचा बदल तिथे अडतो.

दोन, फील्ड काढायचं तर त्याच कमिटमध्ये त्याचा नंबर आणि नाव दोन्ही ‘रिझर्व्हड’ लिहायचं. नंबर लिहिला नाही तर बाइटचा गोंधळ होतो, नाव लिहिलं नाही तर जेसनमध्ये (जिथे माहिती फील्डच्या नावांनिशी मजकूर म्हणून जाते) जुनी किंमत नव्या फील्डमध्ये शिरते. एवढं लिहून ठेवलं की पुढच्या वर्षी नवीन आलेल्या मुलाने तोच नंबर उचलला, तरी प्रोटोसी त्याला ओळ आणि रकान्यासकट सांगतो की हा नंबर राखीव आहे, आणि तो लॅपटॉपवरच थांबतो.